दुसऱ्याची ऊब

राजिवडा, रत्नागिरी
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय समीक्षा,

परवा फोनवर तुझं एकच वाक्य धड ऐकू आलं, "ये, पण थंडीची तयारी करून ये." बाकी सगळी खरखर. म्हणून म्हटलं, तुमच्या त्या टॉवरच्या भरवशावर राहण्यापेक्षा आपली जुनी सवय बरी. दहावीनंतर तू नर्सिंगला गेलीस तेव्हाही पत्रंच लिहायचो की.

मी येतेय. नक्की. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. अम्मीला जाऊन सव्वा वर्ष झालं. तिच्या आजारपणाची सात वर्षं मी चिपळूणच्या पुढे गेले नव्हते. घरातून बाहेर पडताना अजूनही मागे वळून बघते, कुणी हाक मारली का म्हणून.

आणि शाळेत सोळा वर्षं मी भूगोल शिकवते. फळ्यावर हिमरेषा काढते, हिमनदी काढते. परवा सातवीतल्या झाराने विचारलं, "टीचर, बर्फावर झोपलं तर कसं लागतं?" मी म्हटलं, "थंड." ती म्हणाली, "ते माहितीये. पण कसं?" मी खडू ठेवून दिला.

तर तुझ्या हिमालयातल्या मुनस्यारीला यायचं आणि त्या वरच्या कुरणात तंबूत दोन मुक्काम करायचे, म्हणजे मला स्लीपिंग बॅग लागेल. इथल्या दुकानात रेनकोटांच्या मागून एक काढून दाखवली. "मॅडम, उणे दहा गॅरंटी." हातात घेतली तर आमची गोधडी तिच्यापेक्षा जाड. इंटरनेटवर बघितलं तर पंधरा हजार, चाळीस हजार. माझ्याकडे चारेक हजार आहेत. काय घेऊ, कसं ओळखू, नीट लिही. मी सोळा डिग्रीला शाल शोधणारी बाई आहे हे लक्षात ठेवून लिही.

तुझी,
कौसर

मुनस्यारी
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय कौसर,

पत्र वाचून दवाखान्यातच ओरडले. पेशंट दचकला.

आता नीट ऐक. पिशवीवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो त्याच्यावर जाऊ नकोस. तो बहुतेक वेळा 'माणूस मरणार नाही' असा आकडा असतो. तुला हवा तो 'आरामात झोप लागेल' हा आकडा, तो आत शिवलेल्या पट्टीवर बारीक लिहिलेला असतो. वर रात्री उणे आठ-नऊ होतं. तुझा आरामाचा आकडा निदान तेवढा हवा. आपल्याला बायकांना थंडी जास्त लागते, त्यात तू रत्नागिरीची.

पिसांची बॅग हलकी आणि गरम, पण महाग, आणि ओली झाली की संपली. कृत्रिम धाग्याची जड, पण स्वस्त आणि दमटपणाला घाबरत नाही. तुझ्या पैशांत नवी घ्यायची तर कृत्रिमच मिळेल, पाठीवर दोन किलो वाहायची तयारी ठेव. डोक्यावर टोपी आणि नाडी असलेली घे. खाली फोमची चटई हवीच, कारण थंडी वरून येते त्यापेक्षा जमिनीतून जास्त येते. आणि बॅग तुझ्या मापाची घे. फार लांब घेतलीस तर पायाशी पोकळी राहते आणि रात्रभर तू त्या पोकळीला गरम करत बसतेस.

जुनी, वापरलेली चांगली मिळाली तरी चालेल. फक्त कुणी वापरली, का विकतोय, ते विचार.

तुझी,
समीक्षा

राजिवडा, रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय समीक्षा,

मिळाली! आणि पिसांची मिळाली. आतल्या पट्टीवर आरामाचा आकडा उणे नऊ. बाराशे रुपये. हो, बाराशे. मीही दोनदा विचारलं.

फोनवरच्या जुन्या सामानाच्या जाहिरातीत होती. विकणारे विठूकाका, कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले, चिपळूणजवळ अलोऱ्याला राहतात. मी म्हटलं, घरी येऊन बघते. ते घाईघाईने म्हणाले, "नको, घरी नको. मीच हातखंब्याला येतो." तिठ्यावर चहाच्या टपरीपाशी उभे होते, बॅग छातीशी धरून. तू सांगितलंस तसं विचारलं, का विकताय? म्हणाले, "मुलाची आहे. त्याला लागत नाही आता." पैसे न मोजता खिशात घातले आणि चिपळूणच्या गाडीत चढले. चहाही घेतला नाही.

एकच खोट आहे. बॅग लांब आहे, सहा फुटी माणसाची. पण गंमत ऐक. परवा दुपारी, ऑक्टोबरहून वाईट उकाड्यात, मी ती अम्मीच्या खाटेवर पसरली आणि उगाच आत पाय घालून बघितले. पायाशी पोकळी आहे, पण ती गार नाही. उबदार आहे. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणात आपण शिरतो ना, तशी. कुणी आपल्यासाठी थोडं सरकून जागा केल्यासारखी. आणि उकाडा असूनही मला ती ऊब नकोशी झाली नाही. तासभर डोळा लागला. अम्मी गेल्यापासून मी दुपारची झोपले नव्हते.

आता हिची खरी परीक्षा घ्यायची. तू हसशील, पण मी जागा शोधलीय. माझा मामेभाऊ उमेर मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर आहे.

तुझी,
कौसर

मुनस्यारी
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय कौसर,

हे पत्र लगेच टाकतेय. उणे नऊची पिसांची बॅग बाराशेला कोणी विकत नाही. आत ओल धरलीय का बघ, पिसं गुठळी झालीत का बघ, चेन वरपासून खालपर्यंत चारदा लावून बघ.

आणि ती ऊब तू म्हणतेस तशी असू शकत नाही. स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते गं. ती फक्त आपल्या अंगातली ऊब धरून ठेवते. रिकामी बॅग म्हणजे नुसतं कापड. उन्हात होती का? खिडकीजवळ?

कोल्ड स्टोअरेजची कल्पना वेडी आहे. करायचीच असेल तर एकटी आत राहू नकोस.

तुझी,
समीक्षा

राजिवडा, रत्नागिरी
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय समीक्षा,

तुझं पत्र शनिवारी आलं आणि परीक्षा शुक्रवारीच होऊन गेली होती! बॅग पास. पहिल्या नंबराने.

जुम्म्याची नमाज आटोपून उमेर मला घेऊन गेला. त्यांची एक छोटी खोली त्या दिवशी रिकामी होती, उणे पाचवर लावलेली. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर नेला होता. खाली फोमची चटई, अंगात स्वेटर, दोन मोजे, वर बॅग. उमेर दर पंधरा मिनिटांनी दारावर थाप मारणार, मी आतून उलट थाप मारणार, तासाभराने बाहेर.

समीक्षा, मला थंडी वाजलीच नाही. आधी छान ऊब आली, मग चक्क उकडायला लागलं. पावस गावात मे महिन्यात आंब्याच्या बागेत दुपारी पडावं तसं. मी स्वेटर काढला, मोजे काढले. शेवटी बाहेर येऊन फरशीवर पडले, जरा हवा लागावी म्हणून. उमेरने मग उगाच आरडाओरडा केला आणि मला उन्हात ओढून नेलं. दोन बोटं दोन दिवस बधिर होती, पण ती माझी चूक, हातमोजे नव्हते.

तिकीट काढलंय. २२ डिसेंबर.

तुझी,
कौसर

मिरकरवाडा, रत्नागिरी
२६ नोव्हेंबर २०२४

समीक्षाताईंना उमेरचा सलाम.

तुमचा फोन लागत नाही म्हणून कौसरआपाच्या वहीतून पत्ता घेऊन लिहितोय. आपाला सांगू नका. ती तुम्हाला सगळं लिहिणार नाही, कारण तिला सगळं आठवतच नाही.

मी तीन वेळा थाप मारली. तिन्ही वेळा आतून उलट थाप आली. तिसऱ्या वेळी मला ती बरोबर वाटली नाही. आपा चटईवर होती, पलीकडच्या भिंतीशी, लांब हात करून ती भिंतीवर थाप मारायची. ही थाप दाराच्या खालच्या बाजूला आली, अगदी माझ्या पायाशी. मी दार उघडलं.

आपा पलीकडच्या भिंतीला लागून उघड्या फरशीवर पडली होती. ओठ निळे. स्वेटर, मोजे, ओढणी बाजूला घडी घालून ठेवलेलं. हाक मारली तर हसून म्हणाली, "उकडतंय रे, पंखा लाव." हात लावला तर बर्फातल्या पापलेटासारखी गार.

आणि बॅग दाराशी होती. चेन वरपर्यंत लावलेली, टोपीची नाडी ओढून गाठ मारलेली, फुगलेली. आपाला उचलायला जाताना वाटेत आली म्हणून मी ती पायाने सरकवली. ती सरकली नाही, ताई. हाताने ढकलली तेव्हा हलली. आतून गरम होती. चांगली गरम.

मी तेरा वर्षं बर्फात काम करतो. मी भुतंखेतं मानत नाही. पण थाप कुणी मारली ते मला कळत नाही. आपाला तुम्ही थांबवा.

उमेर

मुनस्यारी
६ डिसेंबर २०२४

कौसर,

चार दिवस फोन लावतेय. इथे बर्फ पडून टॉवर बंद आहे. एक ड्रायव्हर खाली अल्मोड्याला जातोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय, तिथून स्पीड पोस्टने निघेल.

त्या बॅगेत पुन्हा शिरू नकोस. हात घालू नकोस. अम्मीच्या खाटेवरून उचल.

मला उमेरने लिहिलंय. त्याला रागावू नकोस. तू मला 'उकडलं' म्हणून लिहिलंस तेव्हाच मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं होतं. मी नर्स आहे, मी हे बघितलंय. गारठून मरणाऱ्या माणसाला शेवटी शेवटी उकडायला लागतं. दोन वर्षांपूर्वी इथला एक मेंढपाळ सापडला, अंगावरचे कपडे काढून बाजूला ठेवलेले, चेहऱ्यावर समाधान. तुझ्या अंगात तेच चाललं होतं.

पण उणे पाचमध्ये, स्वेटर घालून, पाऊण तासात हे होत नाही. नुसत्या चादरीत पडली असतीस तरी झालं नसतं. म्हणून मी घाबरलेय. थंडीने तुझी ऊब एवढ्या वेगाने ओढली नसती. मग कुणी ओढली?

त्या विठूकाकांना भेट. बॅग कुणाची होती आणि त्याचं काय झालं, ते विचार. मग मला कळव. आणि तू यायचं रद्द केलंस तरी मी रागावणार नाही.

समीक्षा

राजिवडा, रत्नागिरी
१६ डिसेंबर २०२४

प्रिय समीक्षा,

मी येतेय. हे पत्र आणि मी बहुतेक मागेपुढेच पोचू, तरी लिहितेय, कारण हे मला तोंडाने सांगता येणार नाही. तुमच्या बाजारात ओझी वाहणारे लोक बॅगा भाड्याने देतात म्हणे, त्यांच्याकडून कृत्रिम धाग्याची एक ठेव माझ्यासाठी. जड असू दे. आधी कुणीकुणी वापरली ते विचारून घे.

काल रविवारी अलोऱ्याला गेले. उमेर बरोबर आला, त्याने बॅग जीपच्या टपावर बांधली, आत ठेवू दिली नाही. विठूकाका कॉलनीच्या मागे, नदीच्या अंगाला राहतात. फोन केला नव्हता. त्यांनी आम्हाला बघितलं, टपावर बघितलं, आणि पायरीवरच खाली बसले.

"तुला काही झालं नाही ना, बाय?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

मी झालेलं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मान खाली. मग त्यांनी सांगितलं. मुलाचं नाव अजिंक्य. पुण्यात नोकरी, डोंगरांचा नाद. चार वर्षांपूर्वी हिमाचलात हिवाळ्यात तिघं गेले, वादळात दोघं खाली आले, हा मागे राहिला. शोधणाऱ्यांना त्याचा तंबू मिळाला. बूट मिळाले. जॅकेट आणि स्वेटर घडी घालून ठेवलेले मिळाले. आणि बॅग मिळाली. चेन वरपर्यंत लावलेली, नाडीला आतून गाठ. आत कुणी नव्हतं. बर्फ वितळल्यावर पुन्हा गेले, तरी तो मिळाला नाही. बॅग तेवढी घरी आली.

"आणि मग ही त्यात झोपायला लागली," ते म्हणाले. ही म्हणजे मथुराकाकी. "मे महिन्यात, बाय. आम्हाला पंख्याखाली घाम फुटतोय, आणि ही चेन लावून आत. हात लावावा तर कपाळ बर्फ. तीनदा चिपळूणच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांना कळेना. शेवटी म्हणाले, पुढच्या वेळी उशीर होईल. मी तिला सांगितलं, बॅग धुवायला दिलीय. आणि तुला विकली. मला वाटलं, दुसऱ्याच्या घरी गेली की ती नुसती बॅग होईल."

मी रागावणार होते, समीक्षा. जीपमध्ये सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आलंय?" आणि मथुराकाकी दारात आल्या. बारीक, पांढऱ्या. दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला स्कार्फ. डिसेंबर असला तरी अलोऱ्यात काल अकरा वाजता ऊन चटचट लागत होतं. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. थेट जीपच्या टपाकडे बघितलं.

"आणलीस गो?" मला म्हणाल्या, अशा आनंदाने, की मी मान हलवली.

उमेरने माझ्याकडे बघितलं. विठूकाका नको नको म्हणून हात हलवत होते. मी उमेरला म्हटलं, सोड. त्याने दोऱ्या सोडल्या. काकींनी बॅग दारासमोरच्या खळ्यात ठेवली, शेजारी बसल्या आणि टोपीतून आत हात घातला, कोपरापर्यंत. तोंडावर जे समाधान आलं ते मी ओळखलं. अम्मीच्या खाटेवर माझ्याही तोंडावर तेच असणार.

"काकी, हात काढा," मी म्हटलं. "त्यात ऊब नाहीये."

"मला माहितीये," त्या म्हणाल्या. "मी काय खुळी आहे? ऊब आपलीच असते. तो गारठलाय, म्हणून आपली ओढून घेतो. आणि आपल्याला जे बरं वाटतं ना बाय, ते आपलं नसतं. ते त्याला वाटत असतं."

उन्हात उभी होते तरी माझ्या अंगावर काटा आला. उमेरने तोंडातल्या तोंडात कुराणातली आयत म्हटली.

बॅग तिथेच सोडून आले असते तर काकींनी पंधरा दिवसही काढले नसते. आणि घेऊन आले असते तर त्यांच्या हातातून त्यांचं पोर ओढल्यासारखं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. कुणालाही न सांगितलेलं, तुलाही.

"काकी, माझ्या अम्मीला शेवटी सारखी थंडी वाजायची. एकावर एक चार चादरी घालायचे, तिला कवेत घेऊन झोपायचे. सात वर्षं. रोज वाटायचं, आज माझी ऊब तिला लागेल. शेवटच्या दिवशीही ती म्हणाली, कौसर, गार लागतंय. माझी पुरली नाही, काकी. आणि मी अजून तिच्या खाटेवर जाऊन झोपतेय."

काकींनी बॅगेवरची नजर माझ्याकडे वळवली. हळू म्हणाल्या, "मग त्याला पुरेल असं काय आहे?"

उत्तर विठूकाकांनी दिलं. पायरीवरूनच, मोठ्याने नाही. "अग्नी."

मला नंतर त्यांनी सांगितलं. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजी दोनदा येऊन गेले होते, काकींनी दारातून परत पाठवलं होतं. येईल माझा, म्हणून. काल त्यांनी आतला हात बाहेर काढला. बोटं पांढरीफटक होती. मी माझ्या हातात धरली, चोळली. माझीही दोन बोटं अजून नीट नाहीत.

घरामागे भात कापलेला मळा आहे, तिथे रचलं. आंब्याची लाकडं, शेणाच्या शेणी, वर माडाची सुकी झापं. उमेरनेही लाकडं वाहिली. मी बाजूला उभी राहणार होते, माझ्या डोळ्यांना कबर माहीत, चिता मी कधी जवळून बघितली नव्हती. पण काकींनी माझा हात सोडला नाही. त्यांनी स्वतः बॅग उचलून वर निजवली. होय, निजवली. टोपीची बाजू दक्षिणेला केली, चेन पायापर्यंत उघडली आणि म्हणाल्या, "जा हो आता."

विठूकाकांनी अग्नी दिला.

समीक्षा, ती आग मोठी होती. झापं धडधडून पेटली, ज्वाळा माणसाच्या वर गेल्या, पिसं जळल्याचा वास सगळ्या मळ्यात. आम्ही चार हातांवर उभे होतो. आणि आम्हाला काहीच लागत नव्हतं. आधी मला वाटलं, वारा पलीकडे असेल. मग उमेर पुढे गेला, ज्वाळेच्या अगदी जवळ तळहात धरला आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मीही हात धरला. समोर एवढं पेटलेलं, आणि हवा कोल्ड स्टोअरेजसारखी. काकी कुडकुडत होत्या. विठूकाका मुकाट्याने एकेक लाकूड घालत राहिले. रचलेलं संपलं तेव्हा घराच्या पडवीतलं आणलं, पावसाळ्यासाठी ठेवलेलं. तेही संपलं तेव्हा गोठ्याचा जुना वासा आणला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ऊन डोक्यावरून पलीकडे गेलं होतं. कुणी घरी चल म्हणालं नाही. आम्ही चौघं त्या गार आगीभोवती उभे होतो आणि लाकडं घालत होतो.

आणि मग, एका क्षणी, एकदम धग लागली. तोंडावर, हातांवर, डोळ्यांना झोंबेल अशी.

आम्ही सगळे मागे सरलो. काकींनी डोक्याचा स्कार्फ सोडला.

तुझी,
कौसर